नाण्याच्या पोटात

अथेन्सचं चांदीचं नाणं म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते घुबड. वाटोळे डोळे, बाजूला ऑलिव्हची डहाळी. पण अशा कित्येक नाण्यांवर आणखी एक गोष्ट दिसते: घुबडाच्या अंगावरून गेलेला छिन्नीचा खोल घाव. चार द्राख्मांचं, 17 ग्रॅमांच्या आसपास वजनाचं, लॉरियनच्या खाणीतल्या चांदीचं हे नाणं. (आपला ‘दाम’ मुळात या द्राख्माचाच वंशज.) इतक्या देखण्या नाण्यावर कुणी घाव का घालावा?

पोटात काय आहे ते बघायला. तांब्याची चकती चांदीच्या पातळ पत्र्यात गुंडाळायची, तापवायची आणि ठशाखाली ठोकायची, की वरून बंदा रुपया तयार. तांबं चांदीपेक्षा हलकं, पण नाणं जरा जाड ठेवलं की वजनही जुळतं. म्हणून इसवी सनापूर्वी 375 च्या सुमारास अथेन्सनं कायदा केला आणि तो दगडावर कोरून ठेवला. बाजारात पेढीवाल्यांच्या मेजांशेजारी सरकारी पारखी बसेल. नाणं आत तांब्याचं किंवा शिशाचं निघालं, तर त्यानं ते तिथल्या तिथे कापायचं. पारखी जागेवर बसला नाही किंवा पारख टाळली, तर त्याला 50 फटके! हा पारखी सरकारचा गुलाम असे. आपल्याकडे हेच काम करणाऱ्या पोतदारांचं निदान आडनाव तरी झालं.

रोमन टांकसाळीला पत्र्याची गरज पडली नाही. तिने धातूतच भेसळ केली, आणि ही करामत समजायला स्वयंपाकघरात जावं लागेल. तांब्याचा लोटा चुलीवर काळा पडतो. ते तांब्याचं ऑक्साइड. चिंचेनं घासलं की ते विरघळून निघून जातं. आता चांदी आणि तांबं एकत्र वितळवून केलेली चकती घ्या आणि ती हवेत तापवा. पृष्ठभागाजवळच्या तांब्याचं ऑक्साइड होतं, चांदी जशीच्या तशी राहते. मग चकती आंबट द्रावात बुडवली की ऑक्साइड धुऊन जातं आणि वर उरते जवळजवळ निव्वळ चांदीची जाळीदार साय. तिच्यावर ठसा ठोकला की ती दाबली जाऊन गुळगुळीत, झळझळीत होते. आत मात्र तांबं तसंच.

इसवी सन 64 मध्ये रोम जळालं. त्याच सुमारास सम्राट नीरोनं देनारियसमध्ये, म्हणजे रोमच्या चांदीच्या नाण्यात, हात घातला. आधी एका रोमन पौंड चांदीतून 84 नाणी पडत, आता 96 पाडू लागले. म्हणजे वजन 3.9 ग्रॅमांवरून 3.4 वर आलं. हे तराजूत दिसतं. चांदीचा कस किती उतरवला, हे दिसत नव्हतं. हल्ली सराफाच्या दुकानात असतं तसलं क्ष-किरणांचं यंत्र जुन्या नाण्यांवर लावलं, तर चांदी 90 टक्क्यांच्याही वर भरायची. पण हे किरण मिलिमीटरच्या काही शतांश भागापर्यंतच कामाची माहिती देतात. म्हणजे यंत्रानं मोजली ती साय.

केविन बुचर आणि मॅथ्यू पाँटिंग या अभ्यासकांनी मग नाण्याच्या कडेला बारीक भोक पाडलं, वरवरचा कीस फेकून दिला आणि आतला तपासला. नीरोच्या नव्या नाण्यांत चांदी निघाली 80 टक्क्यांच्या आसपास. संग्रहालयांनी भोक पाडू दिलं याचंच मला जास्त कौतुक वाटतं. पुढची घसरण लपवण्यापलीकडची होती: 270 च्या सुमाराला रोमचं ‘चांदीचं’ नाणं म्हणजे 5 टक्क्यांहूनही कमी चांदी असलेलं तांबं.

केल्ट लोकांकडे हेच नाटक चित्रासकट घडलं. मॅसिडोनियाच्या दुसऱ्या फिलिपच्या सोन्याच्या नाण्यावर एका बाजूला अपोलोचं मस्तक, दुसरीकडे दोन घोड्यांचा रथ. गॉलमधल्या (म्हणजे साधारण आजच्या फ्रान्समधल्या) केल्ट टोळ्यांनी त्याची नक्कल केली, मग नकलेची नक्कल. रथ मोडत गेला, घोडा एकच उरला, अपोलोचे केस नुसती वेटोळी झाली. (ही वेटोळी मला मूळ चेहऱ्याहून जास्त आवडतात.) सोनंही पातळ होत गेलं, काही टोळ्यांच्या नाण्यांत शेवटी चांदी-तांब्याचं मिश्रणच आलं. 2012 मध्ये जर्सी बेटावर अशी सुमारे 70,000 नाणी एकाच खड्ड्यात सापडली, तीही एका गठ्ठ्यात चिकटलेली. चिकटवलं कशानं? नाण्यांतल्या तांब्याच्या हिरव्या कळंकानं. दोन हजार वर्षांत पोटातलं तांबं बाहेर आलं होतं. ती सुटी करायला काही वर्षं लागली.

रोमच्या चांदीची नोंद मात्र नाण्यांपासून फार दूर, ग्रीनलंडच्या बर्फातही आहे. तेव्हा चांदी बहुतांशी शिशाच्या खनिजातून काढत. भट्टीत शिसं जाळून बाजूला केलं की चांदीचा मणी उरतो. पण थोडं शिसं धुरातून उडतं, वाऱ्याबरोबर उत्तरेला जातं आणि बर्फात थरावर थर साचतं. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत रोमच्या भरभराटीत हे शिसं वाढलेलं दिसतं, आणि 165 मध्ये साम्राज्यात मोठी साथ पसरली त्यानंतर एकदम खाली येतं.

ही नाणी आपल्या बाजूलाही भरपूर आली. रोमन लेखक प्लिनीनं श्रीलंकेच्या राजाची गोष्ट लिहून ठेवली आहे: नाण्यांवरचे चेहरे वेगवेगळ्या सम्राटांचे, तरी वजन सारखंच, हे पाहून राजाला रोमनांच्या सचोटीचं मोठं अप्रूप वाटलं. गोष्ट नीरोच्या आधीचा सम्राट क्लॉडियस याच्या काळातली. नीरो अजून गादीवर यायचा होता.

तमिळनाडूत पुदुकोट्टईजवळ 1898 मध्ये रोमन सोन्याची 501 नाणी सापडली. त्यांतल्या बहुतेकांवर सम्राटाच्या चेहऱ्यावरून छिन्नीचा घाव आहे, अथेन्सच्या घुबडावर असतो तसाच. बहुतेक अभ्यासक म्हणतात की ती पुन्हा नाणं म्हणून चालू नयेत म्हणून हा घाव घातला. मग टायबेरियस असो की नीरो, त्याचा चेहरा कुणी विचारत नव्हतं. सोनं तराजूत जाई.