डोळ्यांच्या तपासणीतलं एआय आणि डिजिटल तंत्रज्ञान

डोळे तपासताना जे फोटो, स्कॅन आणि मोजमापं घेतली जातात ती कॉम्प्युटर प्रोग्रॅमने वाचायची, त्यात आजाराची खूण दिसते का ते सांगायचं आणि पेशंटला डॉक्टरकडे कधी पाठवायचं ते सुचवायचं, याला ढोबळमानाने डोळ्यांच्या तपासणीतलं एआय म्हणतात. यात कॅमेरे, स्कॅनर, लांबून तपासणी करायच्या सोयी असं बरंच काही येतं, पण खरा बदल फोटो वाचण्याच्या कामात झालाय म्हणून इथे त्याबद्दलच जास्त लिहिलंय.

आधी एक गोंधळ दूर करू. चष्म्याचा नंबर काढायला हनुवटी टेकवून ज्या मशीनमध्ये बघायला सांगतात, आत लांब रस्ता आणि त्याच्या टोकाला एक रंगीत फुगा दिसतो, तो आधी धूसर असतो मग स्पष्ट होतो, त्याला लोक "कॉम्प्युटरवर डोळे तपासले" म्हणतात. ते एआय नाही. ते मशीन डोळ्यात प्रकाश टाकून परत आलेल्या प्रकाशावरून नंबरचा अंदाज काढतं, आणि डोळा आतून निरोगी आहे की नाही याबद्दल काहीही सांगत नाही. नंबर निघाला म्हणजे डोळे तपासून झाले असं समजून वर्षानुवर्षं डोळ्याचा मागचा पडदा न तपासणारे खूप लोक आहेत.

एआय डोळ्यांच्याच क्षेत्रात इतकं लवकर रुजलं त्याचं कारण डोळ्याच्या रचनेत आहे. शरीरात कुठेही चिरफाड न करता रक्तवाहिन्या आणि मेंदूकडे जाणारी नस थेट डोळ्यांनी बघता येते अशी जागा म्हणजे डोळ्याचा मागचा पडदा, म्हणजे रेटिना. जर्मनीत हेल्महोल्ट्झने १८५१ मध्ये ऑफ्थॅल्मोस्कोप जगासमोर आणला आणि बाहुलीतून आत डोकावता यायला लागलं, पुढे पडद्याचे फोटो काढणारे कॅमेरे आले, ते डिजिटल झाले, आणि मग हॉस्पिटलांकडे लाखो फोटो साठले ज्यांच्यासोबत डॉक्टरांचं निदानही लिहिलेलं होतं. प्रोग्रॅमला शिकवायला नेमकं हेच लागतं.

असा फोटो समोर धरला तर नारिंगी-लाल गोल दिसतो, त्यात नाकाच्या बाजूला एक पिवळसर चकती असते, ती ऑप्टिक डिस्क, तिथून नस मेंदूकडे जाते आणि तिथूनच रक्तवाहिन्या फांद्यांसारख्या पसरतात. मधला जरा गडद भाग तो मॅक्युला, वाचायला, चेहरा ओळखायला तोच लागतो. डायबिटीसमुळे पडदा बिघडायला लागतो तेव्हा सुरुवातीला दिसतात ते बारीक लाल ठिपके, रक्तवाहिनीला आलेले सूक्ष्म फुगवटे, डिस्कच्या काठावरच्या मोठ्या शिरेच्या जाडीपेक्षाही लहान. नंतर रक्ताचे डाग, पिवळे चट्टे, आणि शेवटी नको तिथे उगवणाऱ्या नाजूक रक्तवाहिन्या, ज्या फुटून डोळ्यात रक्त उतरतं. वाईट म्हणजे या बहुतेक काळात पेशंटला दिसायला काहीच त्रास नसतो आणि त्रास जाणवेपर्यंत पुष्कळ नुकसान झालेलं असतं. लेझर आणि इंजेक्शनने नजर वाचवता येते, पण वेळेत कळलं तरच, म्हणून डायबिटीस असलेल्या प्रत्येकाचा पडदा बहुतेक वेळा वर्षातून एकदा तरी बघावा असं सांगतात. एवढ्या सगळ्यांना बघायला डोळ्यांचे डॉक्टर पुरत नाहीत आणि एआयची गरज इथून सुरू झाली.

२०१६ मध्ये गूगलच्या संशोधकांनी एक अभ्यास छापला, त्यात १,२८,१७५ फोटोंवर प्रोग्रॅम शिकवला होता. प्रत्येक फोटो तीन ते सात वेळा तपासून घेतला होता आणि त्यासाठी ५४ डॉक्टर बसवले होते. एकच फोटो इतक्या जणांना का दाखवायचा? कारण दोन अनुभवी डॉक्टरांचंही एका फोटोवर दर वेळी एकमत होत नाही, आणि उत्तरपत्रिकाच चुकीची असेल तर विद्यार्थी चुकीचंच शिकणार. प्रोग्रॅमला "लाल ठिपका शोध" असा नियम कुणी लिहून देत नाही, तो फोटो बघतो, उत्तर देतो, चुकला की आतले आकडे किंचित बदलतो, आणि हे लाखो वेळा झालं की त्याला खुणा ओळखता येतात. त्या अभ्यासात त्याची अचूकता डॉक्टरांच्या तोडीची निघाली.

मग एप्रिल २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेने, पडद्यावरची डायबिटीसची खूण शोधणाऱ्या आयडीएक्स-डीआर नावाच्या सिस्टिमला परवानगी दिली आणि तो खरंच मोठा टप्पा होता, कारण डॉक्टरने फोटो न बघता मशीनने स्वतः निकाल द्यायचा अशी मंजुरी मिळालेली ती पहिलीच सिस्टिम. आयोवा विद्यापीठातले मायकेल अब्रामॉफ यांचं हे काम. नेहमीच्या फॅमिली डॉक्टरच्या क्लिनिकमध्ये थोडं ट्रेनिंग घेतलेला कर्मचारी फोटो काढतो, आणि उत्तर दोनच प्रकारचं येतं, एकतर डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा, नाहीतर १२ महिन्यांनी परत तपासा. १० क्लिनिकमधल्या ९०० लोकांवर चाचणी झाली, आजार असलेल्यांपैकी सुमारे ८७ टक्के तिने पकडले आणि नसलेल्यांपैकी सुमारे ९० टक्क्यांना बरोबर सोडलं.

हे टक्के ऐकायला छान वाटतात पण जरा हिशोब करून बघा. समजा १,००० लोक तपासले आणि त्यातल्या १०० जणांना आजार आहे. मशीन ८७ जणांना पकडेल, १३ सुटतील. उरलेल्या ९०० मधल्या ९० जणांना उगाच "डॉक्टरकडे जा" सांगेल. म्हणजे एकूण १७७ जणांना पाठवलं आणि त्यातल्या साधारण निम्म्यांनाच खरा आजार. तरी माझ्या मते हा सौदा चांगला आहे, कारण डॉक्टरला १,००० ऐवजी १७७ जणांचे डोळे बघायचे आहेत, पण मशीनने पाठवलं म्हणजे आजार नक्की असं नाही आणि नाही पाठवलं म्हणजे नक्की नाही असंही नाही, हे पेशंटला तिथल्या तिथे कुणीतरी सांगायला हवं.

दुसरं मोठं साधन म्हणजे ओसीटी स्कॅन, त्याचा पहिला शोधनिबंध १९९१ मध्ये आला. सोनोग्राफीत आवाजाच्या लहरी वापरतात तसा इथे इन्फ्रारेडच्या जवळचा प्रकाश वापरतात, आणि पडद्याचे थर केक कापून बघावा तसे एकेक दिसतात, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही बारीक. पडद्याखाली पाणी साठलंय का, थर पातळ झालाय का ते इथे कळतं. लंडनच्या मूरफील्ड्स आय हॉस्पिटलने डीपमाइंड या गूगलच्या एआय कंपनीसोबत यावर काम केलं आणि ते २०१८ मध्ये छापलं गेलं. त्यातली रचना मला फार आवडते. एकच प्रोग्रॅम थेट निकाल देत नाही, पहिला स्कॅनवर नकाशा रंगवतो, हा थर इथे, पाणी इथे, आणि दुसरा त्या नकाशावरून ठरवतो की पेशंटला तातडीने बोलवायचं की नुसतं लक्ष ठेवायचं. फायदा दुहेरी, डॉक्टरला नकाशा बघून मशीनने काय पाहिलं ते तपासता येतं, आणि दुसऱ्या कंपनीचं स्कॅनर आलं तर फक्त पहिला भाग नव्याने शिकवावा लागतो.

काचबिंदूत मात्र गाडी अडखळते. त्यात ऑप्टिक डिस्कच्या मधला खळगा मोठा होत जातो, पण काही लोकांचा तो जन्मतःच मोठा असतो, आणि जास्त मायनस नंबरवाल्यांची डिस्क तिरकी दिसते, तिथे माणूसही फसतो आणि मशीनही. डोळ्याचा प्रेशर, नजरेच्या कडांची तपासणी, आधीचे रिपोर्ट हे सगळं मिळून निदान होतं, एका फोटोवर नाही.

वेळेआधी जन्मलेल्या बाळांच्या पडद्यासाठी याचा उपयोग जास्त भिडतो. या बाळांच्या रक्तवाहिन्या पूर्ण वाढलेल्या नसतात, त्या फुगून वाकड्यातिकड्या झाल्या की पडदा सुटण्याचा धोका असतो आणि उपचार लागणार हे ठरल्यापासून ७२ तासांच्या आत ते करायचे असतात. वाहिनी किती वाकडी म्हणजे वाकडी यावर तज्ज्ञांमध्येही मतभेद होतात, तिथे दर वेळी एकाच मापाने मोजणारं मशीन कामाला येतं.

मोतीबिंदूत एआयचं काम ऑपरेशनच्या आधीचं, आत बसवायच्या भिंगाची पॉवर ठरवायचं. हॅरॉल्ड रिडलीने लंडनमध्ये १९४९ साली पहिल्यांदा कृत्रिम भिंग बसवलं तेव्हा त्या पेशंटला नंतर मायनस १८ च्या आसपास नंबर आला होता. आता डोळ्याची लांबी प्रकाशाने मोजतात, कारण त्यात १ मिलिमीटरची चूक झाली तर नंबर अडीच ते तीनने चुकतो. फार लांब किंवा फार आखूड डोळ्यात जुने फॉर्म्युले कमी पडायचे, आता आधीच्या हजारो ऑपरेशनच्या निकालांवर शिकलेले फॉर्म्युले वापरात आहेत.

२०१८ मध्येच आणखी एक चकित करणारी गोष्ट पुढे आली. नुसत्या पडद्याच्या फोटोवरून प्रोग्रॅमने माणसाचं वय सरासरी सव्वातीन वर्षांच्या फरकाने सांगितलं आणि स्त्री की पुरुष तेही बहुतेक वेळा बरोबर ओळखलं, जे फोटो बघून डॉक्टरला सांगता येत नाही. हृदयविकाराचा धोका, रक्तदाब यावरही काम चालू आहे. संशोधन म्हणून हे मोलाचं आहे पण त्यावर आत्ताच कुणी गोळ्या सुरू किंवा बंद करू नयेत.

लॅबमधून बाहेर आल्यावर काय होतं ते थायलंडमध्ये दिसलं. गूगलच्याच टीमने तिथल्या ११ क्लिनिकमध्ये जाऊन बघितलं आणि २०२० मध्ये प्रामाणिकपणे छापलं. सिस्टिमने दर पाचात एकाहून जास्त फोटो "वाचता येत नाही" म्हणून नाकारले. नर्स गर्दीत काम करत होत्या, खोलीत हवा तसा अंधार करता येत नव्हता, इंटरनेट मधेच हळू व्हायचं, आणि फोटो नाकारला की पेशंटला दुसरीकडे मोठ्या हॉस्पिटलला जायला सांगायचं, म्हणजे त्याच्या कामाचा दिवस बुडणार.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मशीन फक्त विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतं. डायबिटीसची खूण शोधायला शिकवलेला प्रोग्रॅम "ठीक आहे" म्हणाला तर तेवढीच एक गोष्ट ठीक आहे, काचबिंदू, पडद्याची गाठ, बुबुळाची जखम याबद्दल तो बोललेलाच नसतो. डोळ्यासमोर अचानक वीज चमकल्यासारखं होणं, काळे ठिपके एकदम वाढणं, नजरेवर बाजूने पडदा आल्यासारखं वाटणं, यात कुठल्याही अ‍ॅपला फोटो दाखवत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि रिपोर्टवर "फोटो वाचता आला नाही" असं आलं तर त्याचा अर्थ नॉर्मल असा कधीच नसतो, कारण फोटो धूसर येण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे पडद्याच्या पुढे आड येणारा मोतीबिंदू, म्हणजे ज्याला डॉक्टरची गरज जास्त त्याचाच फोटो नाकारला जातो. अशा पेशंटला घरी न पाठवता डोळ्यात थेंब घालून, बाहुली मोठी करून, डॉक्टरनेच पडदा बघायचा असतो.