विषय, संघर्ष आणि ‘शारदे’चं गोत्र

2022 साली पुण्यातल्या एका आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेत परीक्षकांनी दर्जाचं कारण देत करंडक कोणालाच दिला नाही. 1963 पासून चालत आलेल्या त्या स्पर्धेत असं पहिल्यांदाच घडत होतं. मुलांची दोन महिन्यांची मेहनत दिसली नाही का, असं काहींचं म्हणणं होतं. दर्जाशी तडजोड कशासाठी, असं इतरांचं. निर्णय बरोबर होता की चूक, हा वाद इथे पुन्हा घालायचा नाही. पण संहिता कमी पडते म्हणजे नेमकं काय कमी पडतं, या प्रश्नाची मुळं मराठी नाटकात फार जुनी आहेत.

पावसाळ्यात तालमी सुरू झाल्या की पहिला प्रश्न ठरलेला असतो : “यंदा विषय काय घेतलाय?” उत्तरही एका दमात येतं : शेतकऱ्याची आत्महत्या, जात, मोबाइलचं व्यसन, म्हाताऱ्या आईबापांचा एकटेपणा. कोणाचं कोणापाशी काय अडलंय, हे मात्र कोणी विचारत नाही. विषय आधी ठरतो आणि संघर्ष मागाहून शोधला जातो.

यात मोठा वाटा ‘संघर्ष’ या शब्दाचाच आहे. मुळात त्याचा अर्थ घासणं, घर्षण. आपल्या रोजच्या मराठीत मात्र तो मोर्चातून आलेला शब्द आहे : संघर्ष समिती, संघर्ष यात्रा. त्यामुळे नव्या लेखकाला ‘नाटकात संघर्ष हवा’ असं सांगितलं की तो आवाज चढवतो. बाप ओरडतो, मुलगा उलट ओरडतो, कोणीतरी ताट भिरकावतं, अंधार. हे भांडण झालं. दोघंही ज्या जागी उभे होते त्याच जागी राहतात, कोणाचं काही जात नाही. मग कोणी जाणकार ‘अंतर्द्वंद्व’ सुचवतो आणि पुढच्या खर्ड्यात तेच पात्र प्रकाशझोतात एकटं उभं राहून तीन मिनिटं स्वतःशी बोलतं.

हा गुंता आपल्याकडेच झाला असंही नाही. 1894 मध्ये एका फ्रेंच समीक्षकाने नियमच मांडला, की अडथळ्यांशी झुंजणारी इच्छाशक्ती म्हणजे नाटक. 1912 मध्ये इब्सेनची नाटकं इंग्रजीत नेणाऱ्या एका समीक्षकाने त्याला हरकत घेतली. झुंज नसलेली उत्तम नाटकं आहेत, त्याचं म्हणणं. नाटकाला लागते ती निकराची घडी. आपल्या शिबिरांत या दोन्ही मतांवर ‘संघर्ष’ ही एकच चिठ्ठी चिकटवली गेली. मला विचाराल तर आपल्या भाषेतला नेमका शब्द ‘पेच’ आहे. कुस्तीतला, पतंगाचा, पागोट्याचा पेच. ओढावं तर आवळतो, सोडावं तर हातचं जातं. पात्राला पेचात बसवलं की आवाज चढवण्याची गरज उरत नाही.

जुन्या नाट्यशास्त्रात नाटकाच्या रचनेसाठी ‘संघर्ष’ हा शब्दच नव्हता. तिथे बीज पेरायचं, प्रयत्न करायचा, मध्येच आशा डळमळायची आणि शेवटी फलागम, म्हणजे फळ हाती येणं. 1843 मध्ये सांगलीत सुरू झालेल्या पौराणिक खेळांनाही त्याची निकड नव्हती. कथा प्रेक्षकाला पाठ असे आणि राक्षस ‘अलल डुर्र’ करत आला की विरोधी बाजू कोणती ते कळून जाई. अडचण आली ती नाटककार आपल्याच घरातला विषय निवडू लागला तेव्हा. आणि तिथे ‘संगीत शारदा’ला पर्याय नाही.

1899 चं हे नाटक जरठ-बालाविवाहावरचं, हे सांगायला नको; ‘पाऊणशे वयमान’ हे शब्द नाटक न पाहिलेल्यांच्या तोंडीही आहेत. पेच किती घट्ट बांधलाय पाहा. बापाला पैसा हवा, म्हाताऱ्याला बायको, मधल्या दलालाला दोघांकडून कमाई. आईचा विरोध आहे, पण तिच्या हाती काही नाही. आणि जिचं लग्न, तिला नाही म्हणायची सोय नाही. प्रत्येकाला काहीतरी निकडीने हवंय, आणि सगळ्याची किंमत एकच मुलगी मोजणार. लग्न उभं राहतं. आता हे मोडणार कसं?

मोडतं ते गोत्रावर. वधूवर सगोत्र निघतात, आणि असं लग्न शास्त्राला चालत नाही. कोदंड नावाचा तरुण ते उघड करतो, विधी थांबतो, शारदा जीव द्यायला निघते, तो तिला वाचवतो, आणि अखेर शंकराचार्यांच्या संमतीने तिचं त्याच्याशी लग्न लागतं.

या शेवटावर शंभर वर्षं मतं पडत आली आहेत. आक्षेप सरळ आहे. पंच्याहत्तरीच्या माणसाने कोवळ्या मुलीशी लग्न करणं हा अन्याय, हा नाटकाचा विषय. आणि लग्न मोडतं वेगळ्याच कारणाने. त्या म्हाताऱ्याचं, भुजंगनाथाचं, गोत्र निराळं असतं तर? तर अक्षता पडल्या असत्या, आणि त्या मांडवातल्या कोणाला शास्त्राने थांबवलं नसतं. विषयाने उभा केलेला पेच विषयानेच सुटला नाही, बाहेरून किल्ली आणावी लागली.

बचावही हलका नाही. समोर बसलेला प्रेक्षक शास्त्र मानणारा होता. त्याला ‘हे अमानुष आहे’ सांगून तो हलला नसता, ‘हे अशास्त्रीय आहे’ म्हटल्यावर हलला. ज्या धर्माच्या नावाने मुली विकल्या जात होत्या, त्याच धर्माच्या पीठावरून नाटककाराने निकाल मिळवून घेतला.

हा बचाव मला पटतो आणि तरी शेवट खटकतो. मांडवात पोचेपर्यंत शारदेच्या असहायतेने प्रेक्षक घुसमटलेला असतो. गोत्र निघताच तो सुस्कारा सोडतो. तो सुस्कारा फार लवकर सुटतो. पुढे 1929 मध्ये बालविवाहाविरुद्ध कायदा झाला आणि मुलीचं किमान वय 14 ठरलं. मराठीत तो ‘शारदा कायदा’ म्हणूनच रुळला आणि अनेकांना तो या नाटकामुळेच आला असं वाटतं. प्रत्यक्षात ते नाव विधेयक मांडणाऱ्या सदस्याच्या आडनावावरून पडलं. पण नाटकाचा विषय लोकांच्या मनात किती खोल गेला होता, याला ही गफलतच पुरावा आहे.

विषय उघडपणे घेताच येत नाही, अशीही वेळ होती. नाटकांवर बंदी घालू देणारा कायदा 1876 पासून होता. तो रद्द व्हायला 2018 उजाडलं. 1907 च्या ‘कीचकवधा’त विषय परकी सत्तेचा आणि पेच महाभारतातला उसना. सरकारने कीचकात आपला माणूस ओळखला आणि 1910 मध्ये बंदी आली. पण त्या नाटकाची खरी ओढाताण कीचकाशी नाहीच. द्रौपदीवर संकट आलंय, धर्मराज धीर धरायला सांगतोय आणि भीमाला धीर धरवत नाही. एकाच बाजूचे दोन भाऊ, दोघांना तिला वाचवायचंय. मवाळ आणि जहाल प्रेक्षक थिएटरात शेजारी शेजारी बसून हे पाहत होते.

1933 मध्ये युरोपीय वळणाचं ‘आंधळ्यांची शाळा’ आलं, दिवाणखाना आला, माणसं बसून बोलू लागली. त्यावर पुष्कळ लिहून झालंय.

1967 च्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ने मात्र विषय आणि पेच यांतला फरक रंगमंचावरच उलगडून दाखवला. गावात प्रयोग करायला आलेल्या त्या मंडळींकडे भलामोठा विषय आहे : अण्वस्त्रांवरून अमेरिकेच्या अध्यक्षावर अभिरूप खटला. तो खटला नाटकात होतच नाही. वेळ जावा म्हणून ते सरावाचा लुटुपुटीचा खटला मांडतात, आपल्यातल्याच बेणारे या शिक्षिकेला आरोपी करतात, आरोप भ्रूणहत्येचा. खेळ हळूहळू खरा होत जातो. तिला दाराबाहेर पडता येत नाही आणि बाकीच्यांना खेळ सोडवत नाही. शेवटी ज्या कोर्टाने तिच्यावर भ्रूणहत्येचा आरोप ठेवला, तेच तिच्या पोटातला गर्भ नष्ट करण्याची शिक्षा सुनावतं. इथे गोत्र निघत नाही, शंकराचार्य येत नाहीत. मंडळी प्रयोगाच्या तयारीला लागतात आणि बेणारे तशीच पडून राहते.