दहीहंडीचा क्रीडादर्जा

गोपाळकाल्याच्या दिवशी मानवी मनोरे रचून उंचावर टांगलेली हंडी फोडण्याच्या प्रथेला खेळ म्हणून मिळालेली शासकीय मान्यता आणि तीवरून उद्भवलेला वाद. ही प्रथा धार्मिक उत्सवाचा भाग असली, तरी मुंबई आणि ठाण्यातील गोविंदा पथके कित्येक आठवडे आधीपासून सराव करतात, आणि तळाच्या थरातील खांद्यांची ताकद, मधल्या थरांचा तोल व सर्वांत वर चढणाऱ्याची चपळाई यांचा मेळ पाहता ती शारीरिक कौशल्याची कसोटी आहे, याविषयी फारसे दुमत नाही. मतभेद आहे तो एवढ्यावरून ती खेळ ठरते का, याविषयी.

हा प्रश्न प्रथम न्यायालयातून पुढे आला. ऑगस्ट २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मनोऱ्याची उंची २० फुटांपर्यंत मर्यादित केली आणि १८ वर्षांखालील मुलांच्या सहभागास मनाई केली. सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात या आदेशाला अंशतः स्थगिती दिली. पुढच्या वर्षी राज्य शासनाने दहीहंडीचा समावेश साहसी खेळांत केला. तथापि नव्या वर्गवारीने निर्बंध सैल झाले नाहीत : २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उंचीची व वयाची मर्यादा शिथिल करण्यास नकार दिला. अखेर २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने उंची ठरवण्याचा प्रश्न आपल्या कक्षेबाहेरचा मानला, आणि १४ वर्षांखालील मुलांना सहभागी होऊ दिले जाणार नाही, अशी हमी राज्य शासनाने दिली.

ऑगस्ट २०२२ मध्ये मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधानसभेत दहीहंडीला खेळाचा दर्जा, गोविंदांना विमासंरक्षण आणि शासकीय नोकऱ्यांतील खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणाचा लाभ जाहीर केला. स्पर्धा परीक्षांच्या उमेदवारांनी या घोषणेला तीव्र विरोध केला. आरक्षणासाठी एकेका खेळाडूची कामगिरी प्रमाणपत्राने सिद्ध करावी लागते. येथे मात्र मनोरा संपूर्ण पथकाचा असतो, आणि तळाशी रेटा धरून उभ्या असलेल्या माणसाचा वाटा वेगळा मोजण्याची सर्वमान्य रीत नाही. क्रीडादर्जाच्या मार्गातील खरी अडचण अंगमेहनतीची नसून या मोजणीची आहे, असे म्हणता येईल.

स्पेनमधील कातालोनिया प्रांतातील ‘कास्तेल’ या मानवी मनोऱ्यांशी तुलना येथे उद्बोधक ठरते. तेथील तारागोना शहरातील स्पर्धेत प्रत्येक रचनेला ठरावीक गुण असतात, आणि नुसत्या रचलेल्या मनोऱ्यापेक्षा सुखरूप उतरवलेल्याला अधिक गुण मिळतात. म्हणजे सुरक्षितता नियमातच मुरलेली आहे. तरीही २०१० मध्ये युनेस्कोने ‘कास्तेल’ची नोंद केली ती अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून. ठाण्यात २०१२ मध्ये जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने नऊ थरांचा ४३.७९ फूट उंच मनोरा रचला व गिनीज बुकात नोंद मिळवली, पण तो एका उंचीचा विक्रम होता. पारंपरिक आयोजनात थरांची संख्या, बक्षिसाची रक्कम आणि अटी आयोजक मंडळ, बहुधा एखाद्या राजकीय नेत्याचे, स्वतः ठरवते, आणि एकच पथक दिवसभरात अनेक ठिकाणी सलामी देते. २०२३ पासून मुंबईत बंदिस्त क्रीडागृहात भरणाऱ्या प्रो गोविंदा स्पर्धेने समान नियमांची चौकट आणण्याचा प्रयत्न केला आहे; रस्त्यावरच्या हंड्यांना ती अद्याप लागू नाही.