आधी पाइप, मग पंप

१९९७ च्या सुमारास ‘इंटरफेस’ ही गालिचे बनवणारी अमेरिकन कंपनी शांघायमध्ये नवा कारखाना उभारत होती. तिथल्या एका प्रक्रियेत गरम द्रव सतत फिरवत ठेवावा लागणार होता आणि त्यासाठी मूळ आराखड्यात जे पंप धरले होते त्यांची एकूण शक्ती ९५ अश्वशक्ती भरत होती. कंपनीच्या एका डच अभियंत्याने तो आराखडा पुन्हा हातात घेतला आणि तेच काम ७ अश्वशक्तीत बसवून दाखवले. त्याने कोणतेही नवे यंत्र शोधले नव्हते. पाइप जाड घेतले, पंप लहान घेतले आणि कामाचा क्रम उलटा केला. एरवी यंत्रे आधी जागच्या जागी बसवली जातात आणि मग वळणे घेत, अडथळे चुकवत पाइप टाकले जातात. त्याने पाइप आधी सरळ आणि आखूड आखले आणि यंत्रे त्यांच्या सोयीने मांडली.

यामागचे विज्ञान जुने आहे. ठरावीक वेळात ठरावीक द्रव वाहून न्यायचा असेल, तर पाइपातले घर्षण व्यासाच्या साधारण पाचव्या घाताने कमी होते. व्यास दुप्पट केला तर घर्षणात वाया जाणारी शक्ती सुमारे बत्तिसाव्या हिश्श्यावर येते. अभियांत्रिकीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला हे शिकवले जाते. तरीही जगभर बारीक, वळणावळणांचे पाइप आणि त्यांच्या जोडीला अवाढव्य पंप बसवले जात राहिले. याचे कारण हिशेबाच्या पद्धतीत होते. जाड पाइपाचा वाढीव खर्च आणि त्यामुळे वाचणारी वीज या दोनच गोष्टींची तुलना करायची, असा रिवाज होता. पंप, मोटर आणि विजेची जोडणी लहान झाल्यामुळे वाचणारा पैसा त्या हिशेबात धरलाच जात नव्हता. तो धरल्यावर नवी व्यवस्था उभारणीच्या खर्चातही स्वस्त पडली.

शाश्वततेकडे जाणाऱ्या स्थित्यंतराविषयी बोलताना आपण सौर पट्ट्या, बॅटऱ्या आणि पवनचक्क्या यांच्याविषयी बोलतो. मला मात्र ही पाइपाची गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते, कारण कंपन्या, शहरे आणि गावे कुठे अडतात ते तिच्यात स्वच्छ दिसते. ज्ञान उपलब्ध असते, ते वापरण्याची इच्छाही असते. पण ज्या नियमाने रोजचे निर्णय होतात तो नियम कोणी तपासत नाही.

क्रिस आर्गिरिस आणि डोनाल्ड शॉन या अमेरिकन अभ्यासकांनी १९७० च्या दशकात संस्थांच्या शिकण्याचे दोन प्रकार वेगळे करून दाखवले. त्यांना मराठीत एकपदरी आणि दुपदरी शिकणे म्हणता येईल. आर्गिरिस यांनी त्यासाठी थर्मोस्टॅटचा दाखला दिला. खोली ठरलेल्या तापमानाच्या खाली गेली की थर्मोस्टॅट हीटर चालू करतो आणि ते तापमान गाठले की बंद करतो. चूक दिसली, ती सुधारली, हे एकपदरी शिकणे. हेच तापमान का ठरवले आहे, असा प्रश्न त्याला पडला, तर ते दुपदरी शिकणे होईल. बहुतेक संस्था पहिल्या प्रकारात तरबेज असतात. कारखान्याचे वीजबिल वाढले की ते पाच टक्क्यांनी खाली आणायची मोहीम निघते आणि ती यशस्वीही होते. पण एवढी वीज लागणारी प्रक्रियाच आपण का वापरतो, हा प्रश्न विचारायचा म्हणजे कोणाच्या तरी जुन्या निर्णयावर बोट ठेवायचे. आर्गिरिस यांचे निरीक्षण असे की इथेच हुशार आणि अनुभवी माणसे सर्वांत आधी बचावाचा पवित्रा घेतात, कारण अपयश पचवायची सवय त्यांना क्वचितच लागलेली असते.

इंटरफेसचे संस्थापक रे अँडरसन यांना १९९४ मध्ये असाच प्रश्न बाहेरून आला. पर्यावरणासाठी तुमची कंपनी काय करते, असे ग्राहक विचारू लागले आणि देण्यासारखे उत्तर नव्हते. नायलॉनचे, म्हणजे खनिज तेलापासून बनणारे गालिचे विकून मोठ्या झालेल्या या कंपनीने पुढे २०२० पर्यंत पर्यावरणावरचा दुष्परिणाम शून्यावर आणायचे उद्दिष्ट घेतले. या प्रवासातल्या यशांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, पण त्यातले एक अपयश मला जास्त शिकवणारे वाटते. गालिचा विकायचाच नाही, भाड्याने द्यायचा. झिजलेला तुकडा कंपनीनेच बदलायचा आणि परत नेऊन त्यापासून नवा बनवायचा, अशी योजना कंपनीने १९९० च्या दशकात आणली. कल्पना उत्तम होती, पण ग्राहक फारसे मिळाले नाहीत. गालिच्याची खरेदी भांडवली खर्चातून व्हायची, तर भाडे चालू खर्चातून द्यावे लागणार होते. आणि बहुतेक कार्यालयांना गालिच्याच्या देखभालीवर आपण नेमका किती खर्च करतो हेच ठाऊक नव्हते. एका कंपनीने आपला नियम बदलला, पण तिच्या ग्राहकांच्या खातेवह्या जुन्याच राहिल्या.

एकटी संस्था कितीही शिकली तरी ती एका मोठ्या, परस्परांत गुंतलेल्या व्यवस्थेचा भाग असते. फ्रँक गील्स या डच अभ्यासकाने २००२ मध्ये या गुंत्याची तीन पातळ्यांवर मांडणी केली. मध्ये असते रूढ व्यवस्था, म्हणजे यंत्रे, कायदे, कौशल्ये, सवयी आणि हिशेबाच्या पद्धती यांची एकमेकांत बसलेली घडी. तिच्या आडोशाला लहान लहान कोनाडे असतात. तिथे नव्या गोष्टी बाजाराच्या पूर्ण माऱ्यापासून दूर राहून चुकतमाकत वाढू शकतात. आणि या सर्वांभोवती असते ती परिस्थिती, उदाहरणार्थ युद्धे, तेलाचे भाव, हवामान, लोकसंख्या, जिच्यावर कोणा एकाचा ताबा नसतो. परिस्थितीच्या धक्क्याने रूढ व्यवस्थेला तडा जातो, त्याच वेळी एखाद्या कोनाड्यात पर्याय तयार असेल, तर बदल वेगाने होतो. पर्याय तयार नसेल, तर तडा बुजतो आणि जुनी घडी पुन्हा बसते. म्हणून संकट येण्याआधीच्या शांत वर्षांत कोनाड्यांत काय शिकले जाते याला इतके महत्त्व आहे.

डेन्मार्कच्या पवनचक्क्या हे त्याचे सर्वांत बोलके उदाहरण. योहानेस यूल या अभियंत्याने १९५७ मध्ये गेडसर इथे २०० किलोवॉटची तीन पात्यांची पवनचक्की उभारली होती. ती सुमारे दहा वर्षे चालली आणि स्वस्त तेलाच्या काळात बंद पडून तशीच उभी राहिली. १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले, तेव्हा ऊर्जेची बहुतेक गरज आयात तेलावर भागवणारा हा देश हादरला. त्या वेळी अमेरिका आणि जर्मनी यांनी विमानविद्येतल्या तज्ज्ञांना हाताशी धरून थेट प्रचंड यंत्रे बांधायला घेतली. जर्मनीची ‘ग्रोवियान’ ३ मेगावॉटची होती. दोन पाती, त्यांच्या फिरण्याच्या वर्तुळाचा व्यास १०० मीटर, जगातली त्या काळची सर्वांत मोठी पवनचक्की. १९८३ मध्ये ती उभी राहिली आणि १९८७ पर्यंत थांबलीसुद्धा. एवढ्या वर्षांत ती चालली ती जेमतेम काहीशे तास. पात्यांची लांबी वाढली की मिळणारी ऊर्जा लांबीच्या वर्गाने वाढते, पण वजन साधारण घनाने वाढते. सांध्यांवर येणाऱ्या त्या ताणांचा अनुभव कोणाच्याच गाठीशी नव्हता.

डेन्मार्कमध्ये सुरुवात झाली ती सुतार, लोहार आणि शेतीची अवजारे बनवणाऱ्यांच्या हातून. क्रिस्टियन रीसागर या सुताराने यूलच्या रचनेवरून २२ किलोवॉटची लहान चक्की बनवली आणि साध्या असिंक्रोनस जनरेटरने ती वीजजाळ्याला जोडली. या जोडणीत चक्कीचा वेग वीजजाळेच आवरून धरते. पण वादळात वीजपुरवठा तुटला तर तो आवर सुटतो, पाती बेफाम फिरू लागतात आणि मुख्य दांड्यावरचा ब्रेक फसला तर चक्कीच्या चिंधड्या होतात. असे अपघात खरोखरच झाले. यूलच्या चक्कीत यावर उपाय होता: वेग मर्यादेबाहेर गेला की पात्याचे टोक वळून आडवे होई आणि हवाच ब्रेकचे काम करी.

हे ज्ञान पसरले कसे, हा या गोष्टीचा गाभा आहे. १९७८ मध्ये चक्कीमालकांची संघटना स्थापन झाली. प्रत्येक चक्कीला एकमेकांवर अवलंबून नसलेल्या दोन ब्रेक-यंत्रणा हव्यातच, असा आग्रह तिने धरला. कोणत्या कंपनीच्या चक्कीने किती वीज दिली आणि कुठे काय बिघडले याची माहिती मालकांच्या नियतकालिकात नियमितपणे छापून येऊ लागली. त्याच वर्षी रीसो इथे सरकारी चाचणी केंद्र निघाले आणि १९७९ पासून मिळणाऱ्या ३० टक्के अनुदानासाठी या केंद्राची मान्यता सक्तीची झाली. परिणामी कोणत्याही कारखानदाराला आपला बिघाड दडवणे कठीण झाले आणि दुसऱ्याच्या बिघाडातून शिकणे सोपे झाले. चक्क्या २२ वरून ५५ किलोवॉटवर गेल्या, मग त्याहून मोठ्या झाल्या. प्रत्येक पायरीवर आधीच्या शेकडो चक्क्यांचा अनुभव जमेस होता. आज डेन्मार्कच्या विजेचा निम्म्याच्या आसपासचा हिस्सा वाऱ्यापासून येतो. जर्मन अभियंते कमी हुशार होते असे मुळीच नाही. त्यांच्याकडे एकच यंत्र होते, आणि एका यंत्राच्या चुका एकाच यंत्रापुरत्या असतात.

समाज म्हणून शिकण्याची आणखी एक तऱ्हा स्टॉकहोमने दाखवली. शहराच्या मध्यभागी ये-जा करणाऱ्या वाहनांवर गर्दीशुल्क लावण्याच्या प्रस्तावाला तिथे मोठा विरोध होता. ३ जानेवारी ते ३१ जुलै २००६ या काळात ते केवळ प्रयोग म्हणून लागू केले गेले. हद्द ओलांडणारी वाहने सुमारे एक पंचमांशाने घटली आणि प्रयोग थांबताच रस्ते जवळजवळ पूर्वीसारखे भरले. हा उलटा पुरावाही सर्वांनी डोळ्यांनी पाहिला. सप्टेंबरमधल्या सार्वमतात शहरातल्या बहुमताने शुल्काच्या बाजूने कौल दिला आणि ऑगस्ट २००७ पासून ते कायम झाले. इथे आणखी एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे: आधी ठरलेली मुदत असल्यामुळे विरोधकांनाही प्रयोग सहन करता आला. परतीची वाट मोकळी असली की माणसे नव्या वाटेवर पाऊल टाकायला तयार होतात.

अर्थात शिकलेले टिकवायचे तर ते नियमात उतरावे लागते, आणि चांगला नियम असा असतो की त्याची तपासणी कोणालाही करता यावी. सामायिक संसाधनांच्या अभ्यासासाठी २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेल्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी स्वित्झर्लंडमधल्या ट्योर्बेल या डोंगरी गावाचा दाखला दिला आहे. तिथला १५१७ सालचा नियम सांगतो की हिवाळ्यात जितक्या गाई स्वतःच्या वैरणीवर पोसता येतात, त्याहून जास्त गाई कोणीही उन्हाळ्यात सामायिक कुरणावर सोडायच्या नाहीत. यासाठी कुरणाची धारणक्षमता मोजणारा तज्ज्ञ लागत नाही. शेजाऱ्याच्या गोठ्यात किती जनावरे आहेत हे साऱ्या गावाला ठाऊक असते.

स्थित्यंतराच्या अभ्यासात ज्याच्याकडे बराच काळ कमी लक्ष दिले गेले तो भाग म्हणजे जुने बंद करणे. नव्याचे कौतुक करणारे पुष्कळ असतात; ज्यांचे काम जाणार त्यांच्याजवळ बसणारे थोडे. नेदरलँड्समध्ये १९५९ मध्ये ग्रोनिंगेनला नैसर्गिक वायूचा प्रचंड साठा सापडला आणि लिम्बुर्ग प्रांतातल्या कोळशाच्या खाणींचे भवितव्य ठरून गेले. १७ डिसेंबर १९६५ रोजी अर्थमंत्री योप डेन आउल यांनी हेरलेन या खाणींच्याच शहरात जाऊन खाणी बंद होणार असल्याचे जाहीर केले आणि पर्यायी रोजगाराशिवाय कोणतीही खाण बंद होणार नाही, असा शब्द दिला. सरकारी कार्यालये तिथे हलवली गेली, सरकारी खाण कंपनी रसायन उद्योगात उतरली. तरीही १९७४ च्या अखेरीस शेवटची खाण बंद झाली तेव्हा पर्यायी रोजगार पुरेसे नव्हते आणि पुढची अनेक वर्षे त्या भागाने बेकारी सोसली. ज्याच्या हाताला कोळसा फोडायची सवय आहे त्याला कार्यालयातली खुर्ची देऊन स्थित्यंतर पुरे होत नाही.

सोडून दिलेल्या त्या खाणींमध्ये भूजल भरत गेले. पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेमुळे सुमारे ७०० मीटर खोलीवरचे पाणी २८ अंश सेल्सियसच्या आसपास असते, तर वरच्या थरातले सुमारे १६ अंश. हे पाणी वापरून इमारती उबदार आणि थंड ठेवणारी योजना हेरलेनमध्ये २००८ मध्ये सुरू झाली. पहिला विचार सरळ होता: गरम पाणी उपसायचे, उष्णता काढून घ्यायची आणि पाणी परत सोडायचे. म्हणजे कोळसा जसा उपसला तसेच. पण अशाने साठ्यातली उष्णता हळूहळू संपेल, हे चालवणाऱ्यांच्या लक्षात आले आणि पुढच्या टप्प्यात त्यांनी रचनाच बदलली. आता खाणी उष्णतेच्या कोठारासारख्या वापरल्या जातात. एखादी इमारत थंड करताना तिच्यातून निघालेली उष्णता नळांवाटे ऊब हव्या असलेल्या दुसऱ्या इमारतीकडे जाते आणि त्या घडीला कोणालाच नको असलेली उष्णता खाली खाणीत, पुढच्या गरजेसाठी साठवली जाते.