फ्रेममधल्या कावळ्याची कुळकथा

'प्राचीन रोमन आरमारी लढाई' अशा नावाने जुनी छापचित्रं फ्रेम करून विकायला येतात, दिवाणखान्याची भिंत सजवायला. वल्ह्यांच्या रांगा, मोडलेल्या डोलकाठ्या, पाण्यात गटांगळ्या खाणारी माणसं. काही चित्रांत एका जहाजावरून दुसऱ्यावर आदळलेली एक लांब फळी दिसते. ती नीट बघावी, कारण तिची गोष्ट मजेशीर आहे.

इ. स. पू. २६० मध्ये सिसिलीच्या किनाऱ्याजवळ मायली इथे रोमनांनी उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज या राज्याचं आरमार हरवलं. तोवर रोमनांची ओळख पायदळाची, समुद्र कार्थेजचा. पॉलिबियस हा ग्रीक इतिहासकार सांगतो, की शत्रूचं एक जहाज किनाऱ्यावर रुतलं होतं, ते नमुन्याला धरून रोमनांनी शंभर मोठी जहाजं बांधली आणि वल्हेकऱ्यांना चक्क जमिनीवर बाकांवर बसवून सराव दिला. तरी कसब कमीच पडणार, म्हणून ही फळी. ३६ फूट लांब, ४ फूट रुंद, दोन्ही बाजूंना गुडघाभर कठडा आणि टोकाला खाली वळलेला लोखंडी सुळा. नाळेवरच्या खांबाला ती दोरीने उभी बांधलेली असे. शत्रू जवळ आला की दोरी सोडायची. सुळा समोरच्या डेकमध्ये घुसायचा आणि सैनिक पलीकडे धावायचे. म्हणजे पाण्यावर पायदळाचीच लढाई. या यंत्राचं लॅटिन नाव 'कोर्वुस', अर्थात कावळा. कार्थेजने पन्नासेक जहाजं गमावली आणि त्यांचा सेनापती होडीतून निसटला. जिंकलेल्या रोमन सेनापती दुइलियसच्या नावाने रोममध्ये शत्रूच्या जहाजांच्या चोचींनी, म्हणजे नाळेवरच्या धडक मारायच्या धातूच्या टोकांनी, मढवलेला स्तंभ उभा राहिला.

गंमत अशी, की कोर्वुसचं खात्रीचं असं एकही प्राचीन चित्र नाही. शिल्पात नाही, नाण्यावर नाही. आहे ते पॉलिबियसचं वर्णन, तेही लढाईनंतर शंभरेक वर्षांनी लिहिलेलं. युरोपातल्या चित्रकारांनी ते वाचून आपापला कावळा रंगवला. १७२७ ते १७३० दरम्यान पॅरिसमध्ये पॉलिबियसचा फ्रेंच अनुवाद सहा खंडांत निघाला. त्याला फोलार नावाच्या सैनिकी माणसाचं लांबलचक भाष्य आणि लढायांची कोरीव चित्रपत्रं जोडलेली होती. अशा ग्रंथांतली पानं पुढे सुटी करून विकली गेली. ग्रंथप्रेमींना हे पाप वाटतं, मलाही वाटतं.

चित्रकाराच्या सवयीही लपत नाहीत. फुगलेली शिडं हा हमखास पुरावा. वल्ह्यांची लढाऊ जहाजं झुंजीआधी शक्यतो शिडं उतरवून ठेवत. इ. स. पू. ३१ मध्ये ग्रीसच्या किनाऱ्यावरच्या ॲक्टियमच्या लढाईत रोमन सेनानी अँटनीने शिडं बरोबर घ्यायला लावली, तेव्हा त्याच्याच माणसांना नवल वाटलं होतं. चित्रकाराने मात्र आपल्या काळातली बंदरं पाहिलेली असत. सैनिकांच्या तलवारी डाव्या हातात दिसल्या, तर तो डावऱ्यांचा पराक्रम नव्हे: तांब्याच्या पत्र्यावर जे कोरावं ते कागदावर उलटं उमटतं, आणि कोरणाऱ्याने मूळ चित्र सरळच उतरवलेलं असतं.

खऱ्या लढाईचा ऐवज आता समुद्रतळातून येतो आहे. सिसिलीच्या पश्चिमेला लेवांझो बेटाजवळ, रोम-कार्थेजच्या याच युद्धातल्या इ. स. पू. २४१ च्या शेवटच्या लढाईच्या जागी, ब्राँझच्या वीसहून अधिक चोची सापडल्या आहेत. काहींवर रोमन अधिकाऱ्यांची नावं आहेत, एकीवर कार्थेजच्या लिपीतला मजकूर. त्यांचा आकार अपेक्षेपेक्षा लहान निघाला. म्हणजे निदान ही जहाजं ग्रंथांतून डोळ्यांपुढे येतात तेवढी अवाढव्य नव्हती.

घेताना भिंग बरोबर ठेवा. रेषांऐवजी बारीक ठिपक्यांची जाळी दिसली, तर ते हल्लीचं छापील पुनर्मुद्रण. ताम्रपत्र्यावरून छापलेल्या चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा दबलेला चौकोन बोटाला लागतो, मात्र फ्रेमवाल्याने तो कापलेला नसावा. मधोमध उभी घडी दिसली, तर पान बहुधा ग्रंथातलं. आणि रंग भरलेले असले, तर ते कधी भरले हे विक्रेत्याला जरूर विचारा.