पतंगांची ओळख : पंखांवरील व अंगावरील खुणा

पंख, वक्ष आणि उदर यांवरील रेषा, ठिपके, पट्टे व डाग पाहून पतंगाची जात ठरवण्याची पद्धत. ही सारी नक्षी पंखाच्या पातळ पापुद्र्यावर कौलांसारख्या एकावर एक बसलेल्या सूक्ष्म खवल्यांची असते. पतंगाला हात लागला की बोटांना चिकटणारी भुकटी म्हणजे हेच खवले. ते झडले की खुणा पुसट होतात, त्यामुळे जुना, झिजलेला पतंग ओळखणे अवघड जाते.

नवशिक्याची नजर आधी रंगाकडे जाते, पण रंग फसवा असतो. विदर्भात ऐन व अर्जुनाच्या झाडांवर वाढवल्या जाणाऱ्या टसरच्या पतंगात नर बहुधा तांबूस तपकिरी, तर मादी पिवळसर किंवा करडी असते. इंग्लंडमधील पांढुरक्या पेपर्ड मॉथचा पूर्ण काळा प्रकार १८४८ साली मँचेस्टरला नोंदला गेला. जात तीच होती. रंगापेक्षा खुणेची जागा आणि आकार अधिक भरवशाचे. नॉक्ट्युइडी कुळातील पतंगांच्या पुढील पंखावर आडव्या नागमोडी रेषा असतात व त्यांच्या मध्ये एक गोल आणि एक मूत्रपिंडाच्या आकाराचा ठिपका असतो. हरभऱ्यावरील घाटेअळीच्या पतंगात हा दुसरा ठिपका गडद असून मागील पंख फिकट व कडेला रुंद काळपट पट्ट्याचा असतो. भारतात २०१८ साली प्रथम कर्नाटकात आढळलेल्या अमेरिकन लष्करी अळीच्या नराला पुढील पंखाच्या टोकाशी पांढरा डाग असतो. मादीत तो ठळक नसल्याने तिची ओळख बरीच कठीण.

बसलेल्या पतंगाचे पुढचे पंखच दिसतात, आणि ते बहुधा साल, माती किंवा पाचोळ्यात लपण्यासाठी रंगलेले असतात. निर्णायक खूण पुष्कळदा त्यांच्याखाली झाकलेली असते. संत्रा-मोसंबीच्या बागांत रात्री येऊन फळाला सोंडेने भोक पाडणारे रसशोषक पतंग हे याचे उत्तम उदाहरण. यांच्या अळ्या गुळवेलीवर वाढतात. पंख मिटले की हे पतंग वाळक्या पानासारखे दिसतात. पुढील पंखांची नक्षी नर-मादीतही वेगळी असते. पंख उघडताच मात्र नारिंगी-पिवळा मागील पंख दिसतो. त्यावर मध्ये गोल काळा ठिपका असेल तर युडोसिमा मॅटर्ना. वळणदार, स्वल्पविरामासारखा मोठा काळा डाग असेल तर युडोसिमा फॅलोनिया.

पाठीवर कवटीसारखी आकृती असलेले हॉक मॉथ (स्फिंजिडी कुळातील पतंग) लोकांना अपशकुनी वाटतात. प्रत्यक्षात ते निरुपद्रवी असून मधासाठी पोळ्यात शिरतात आणि पकडल्यास चीं-चीं आवाज करतात. कवटी पाहून फक्त गट कळतो. भारतात या गटातील दोन जाती आहेत. अ‍ॅकेरॉन्शिया लॅकेसिसच्या मागील पंखाचा बुडाकडचा भाग काळा असतो. तिळावर अळी आढळणाऱ्या अ‍ॅकेरॉन्शिया स्टिक्सचा तोच भाग पिवळा असतो, आणि पंखाच्या आतल्या कोपऱ्याशी काळ्या पट्ट्यात पुसट निळा ठिपका असतो. याच गटातील युरोप-आफ्रिकेतील अ‍ॅट्रोपॉस ही जात स्टिक्सच्या फार जवळची. तिथे पंख उलटून पाहावे लागतात. स्टिक्सच्या पुढील पंखाच्या खालच्या बाजूला मधले पट्टे सहसा दोन, अ‍ॅट्रोपॉसला एक.

भारतीय पतंगांची वर्णने जी. एफ. हॅम्पसन यांनी १८९२ ते १८९६ या काळात चार खंडांत प्रसिद्ध केली. कारवार परिसरात वनाधिकारी असलेले टी. आर. डी. बेल यांनी एफ. बी. स्कॉट यांच्यासह १९३७ साली हॉक मॉथवरचा खंड लिहिला. त्यात अळ्या व त्यांच्या खाद्यवनस्पतींची माहिती विपुल आहे, आणि शंका असताना ती फार उपयोगी पडते. म्हणून पांढऱ्या पडद्यावर दिवा लावून निरीक्षण करताना वरून व बाजूने छायाचित्र घ्यावे, शृंगिकांचा (डोक्यावरील स्पर्शिकांचा) आकार, बसण्याची ढब, तारीख, ठिकाण व आसपासची झाडे नोंदवावीत.

काही जोड्यांत खुणा पुरत नाहीत. खुळखुळ्याच्या झाडावर वाढणारे, पांढऱ्या पंखांवर लाल-काळे ठिपके असलेले उटेथेइसा पतंगांच्या जाती नक्षीवरून वेगळ्या काढणे धोक्याचे. त्यांसाठी जननेंद्रियांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करतात. तशी सोय नसेल तर नोंद प्रजातीपाशीच (जीनसपाशीच) थांबवणे योग्य.