पणजीच्या पुतळ्यातले हात

पणजीला मांडवीच्या कडेने चालत जुन्या सचिवालयापाशी आलं की एक काळपट पुतळा दिसतो. अंगात पाद्र्याचा झगा, दोन्ही हात पुढे पसरलेले, बोटं ताणलेली, आणि त्या हातांखाली मागे कलंडलेली एक बाई. मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन. हा माणूस तिला ढकलतोय असंच मला वाटलं. वडील म्हणाले, "ढकलत नाहीत गं, हिप्नॉटाइझ करतायत." त्यानंतर कित्येक वर्षं संमोहन म्हटलं की मला ते हातच दिसायचे. त्यातून काहीतरी निघतं आणि समोरच्याच्या अंगात शिरतं, असं वाटायचं.

पुतळा आबे फारियांचा आहे. 'आबे' म्हणजे फ्रेंचमध्ये पाद्री. रामचंद्र पांडुरंग कामत या गोमंतकीय शिल्पकाराने तो घडवला आणि १९४५ साली तो तिथे उभा राहिला. शिल्प म्हणून तो मला आजही आवडतो. पण फारियांचं म्हणणं वाचल्यावर जाणवलं, की हातातून काही निघत नाही हे लोकांना पटवण्यातच या माणसाने आयुष्याची शेवटची वर्षं घालवली होती.

त्यांचं म्हणणं नीट कळायला आधी मेस्मरकडे जावं लागतं. फ्रान्झ अँटोन मेस्मर हा व्हिएन्नात शिकलेला डॉक्टर. सगळ्या विश्वात एक सूक्ष्म द्रव भरलेला आहे, शरीरात त्याचा प्रवाह अडला की आजार होतो, आणि आपण तो मोकळा करू शकतो, असं तो सांगे. याला त्याने नाव दिलं 'प्राणिज चुंबकत्व'. १७७८ साली तो पॅरिसला आला आणि बघता बघता शहर त्याच्या मागे लागलं. त्याच्या दालनात ओकच्या लाकडाचं मोठं झाकणाचं पिंप असे. आत पाण्याच्या बाटल्या आणि लोखंडाचा कीस, झाकणातून बाहेर आलेल्या लोखंडी सळ्या. रुग्ण भोवती बसून दुखरा भाग सळीला टेकवत. मंद संगीत चालू असे. थोड्या वेळाने कुणी रडू लागे, कुणी हसू लागे, कुणाला झटके येत. झटके आले म्हणजे प्रवाह मोकळा झाला. आपल्याकडे अंगात येणं ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांना हे दृश्य सहज डोळ्यांपुढे आणता येईल.

१७८४ साली राजा सोळाव्या लुईने चौकशी समिती नेमली. बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्राचा पाया घालणारा लाव्हाझिए, दोघंही तिच्यात होते. समितीने केलेला एक प्रयोग सांगायलाच हवा. पॅरिसजवळ पासी इथे फ्रँकलिनच्या बागेत जर्दाळूचं एक झाड मेस्मरच्या शिष्याने, देस्लोनने, 'चुंबकित' केलं. मग बारा वर्षांच्या एका मुलाला डोळे बांधून बागेत आणलं आणि एकेका झाडाला मिठी मारायला सांगितली. पहिल्या झाडापाशी त्याला घाम फुटला आणि खोकला आला. पुढच्या झाडांपाशी गुंगी वाढत गेली. चौथ्या झाडापाशी तो बेशुद्ध होऊन पडला. चुंबकित केलेलं झाड यातलं एकही नव्हतं. ते तिथून लांब उभं होतं.

आज नव्या औषधाची चाचणी घेताना खरी गोळी कुणाला आणि साखरेची कुणाला, हे रुग्णाला कळू देत नाहीत. त्या पद्धतीच्या अगदी सुरुवातीच्या उदाहरणांत या बागेतल्या प्रयोगाची गणना होते. समितीचा निष्कर्ष सरळ होता: द्रव वगैरे काही नाही, हा कल्पनेचा परिणाम आहे. निष्कर्ष बरोबर होता, पण समिती तिथेच थांबली. नुसत्या कल्पनेने एक मुलगा बेशुद्ध पडतो, ही केवढी मोठी गोष्ट होती! ती कशी घडते हे कुणी विचारलं नाही. ते विचारणारा माणूस गोव्यातल्या बार्देशातून आला.

जुझे कुस्तोदियु द फारिया यांचा जन्म १७५६ चा, कांदोळीचा. मुलगा पंधरा वर्षांचा असताना वडील त्याला घेऊन लिस्बनला गेले. पुढे रोममध्ये शिकून तो पाद्री झाला. गोव्यात एक आख्यायिका अजून सांगतात. पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचन द्यायला तरुण फारिया उभे राहिले आणि दरबार पाहून त्यांची वाचाच बसली. खाली बसलेले वडील हळूच कोंकणीत पुटपुटले, "ही सगळी भाजी, कातर रे भाजी!" समोरचे सगळे भाजीपाला आहेत, कापत सुट. आणि मुलगा घडाघडा बोलू लागला. गोष्ट खरी असो वा नसो, ती जपणाऱ्यांनी फारियांच्या विचाराचा गाभा बरोबर धरलाय. एक वाक्य नेमक्या वेळी, भरवशाच्या माणसाकडून कानावर आलं आणि थिजलेलं अंग हललं. यालाच आज मानसशास्त्रात 'सूचना' म्हणतात.

१८१३ पासून फारिया पॅरिसमध्ये जाहीर प्रात्यक्षिकं करू लागले. पिंप नाही, सळ्या नाहीत, संगीत नाही. माणसाला खुर्चीत आरामात बसवायचं, डोळे मिटायला सांगायचं, मन झोपेवर एकवटायला सांगायचं. थोडा वेळ शांतता. मग ठाम आवाजात एकच शब्द, "झोपा!" काही जण खरोखर त्या अवस्थेत जात, काही जात नसत. आणि ते प्रेक्षकांना सांगत की यात माझी कसलीही शक्ती नाही, जे घडतंय ते झोपणाऱ्याच्या आत घडतंय. सगळेच का झोपत नाहीत, याचं त्यांनी दिलेलं कारण मात्र चुकलं. ज्यांचं रक्त पातळ ते लवकर झोपतात, असं त्यांना वाटे. पण माणसामाणसात फरक असतो हे त्यांनी अचूक टिपलं होतं. पॅरिसने त्यांची चेष्टा केली, रंगभूमीवर त्यांची टर उडवणारं नाटक आलं. १८१९ साली आपला ग्रंथ छापून झाला त्याच वर्षी ते गेले. पुढे अलेक्झांडर द्यूमाच्या 'द काउंट ऑफ माँटे क्रिस्टो'मध्ये तुरुंगातला विद्वान आबे फारिया आला. जगाला ठाऊक आहे तो हा, आणि तो इटालियन आहे.

फारियांनंतर वीसेक वर्षांनी मँचेस्टरमध्ये जेम्स ब्रेड नावाच्या स्कॉटिश शल्यविशारदाने नोव्हेंबर १८४१ मध्ये एका फिरत्या मेस्मरवाद्याचा खेळ पाहिला. लबाडी पकडायला गेलेल्या ब्रेडच्या लक्षात आलं, की समोरच्या माणसाला पापण्या खरंच उघडता येत नाहीयेत. घरी येऊन त्याने एका मित्राला दारूच्या बाटलीच्या तोंडाकडे एकटक बघत बसायला सांगितलं. तीन मिनिटांत मित्राच्या पापण्या मिटल्या. मग बायकोला साखरेच्या भांड्यावरच्या नक्षीकडे बघायला लावलं, तिचंही तेच झालं. बाटलीतून आणि साखरेच्या भांड्यातून कुठला द्रव येणार? 'हिप्नॉटिझम' हा शब्द ब्रेडने रूढ केला, झोपेच्या ग्रीक शब्दावरून. पुढे ही झोप नाही हे त्याला स्वतःलाच कळलं, पण तोवर नाव चिकटलं होतं.

आणि आता बंगाल. या सगळ्या इतिहासात मला सर्वांत अस्वस्थ करणारं प्रकरण हे आहे. कलकत्त्याजवळच्या हुगळीला जेम्स एस्डेल नावाचा कंपनी सरकारचा डॉक्टर होता. मेस्मरची पद्धत त्याने फक्त वाचली होती. ४ एप्रिल १८४५ ला अंडवृद्धीच्या शस्त्रक्रियेने कळवळणाऱ्या एका कैद्यावर त्याने ती करून पाहिली आणि कैद्याला टोचलेलंही कळेना. पुढच्या आठ महिन्यांत त्याने ७० हून अधिक शस्त्रक्रिया अशा केल्या. डासांमुळे पसरणारा हत्तीरोग तिथे घरोघरी होता. अंडकोशाच्या मणभर वजनाच्या गाठी घेऊन लोक येत. भूल देणारं औषध तेव्हा नव्हतं. दोरीने बांधायचं, चौघांनी दाबून धरायचं आणि कापायचं, ही रीत. कित्येक जण धक्क्याने टेबलावरच जात.

एस्डेलची पद्धत अशी. अंधारी खोली, रुग्ण उताणा झोपलेला. उशाशी एक तरुण हिंदी मदतनीस बसे. तो रुग्णावर ओणवा होऊन चेहऱ्यावरून पोटापर्यंत हात फिरवत राही, मधूनमधून कपाळावर फुंकर घाली. हे तासन् तास चाले, काही वेळा रोज, कित्येक दिवस. स्वतः करून थकवा येतो म्हणून एस्डेलने दवाखान्यातले मदतनीस शिकवून तयार केले होते. इथल्या मांत्रिकांची झाडफूंकही त्याने पाहिली होती, आणि दोन्हींतलं साम्य त्याने मोकळेपणाने लिहून ठेवलंय.

सरकारने समिती नेमली, आणि नोव्हेंबर १८४६ मध्ये कलकत्त्यात यासाठी वेगळं रुग्णालय मिळालं. पण त्याआधी जेमतेम महिनाभर, १६ ऑक्टोबरला, बोस्टनमध्ये ईथरची भूल देऊन जाहीर शस्त्रक्रिया झाली होती. वर्षभरात क्लोरोफॉर्मही आलं. ईथर काही मिनिटांत काम करतं, जवळपास सगळ्यांवर करतं, आणि त्याला दिवसरात्र उशाशी बसणारा माणूस लागत नाही. ते जिंकलं ते योग्यच झालं. पण एस्डेलच्या टेबलावर शांत पडून राहिलेल्या माणसांना काय होत होतं, हा प्रश्न ईथरच्या वासात शंभर वर्षं विसरला गेला. ते कैदी होते, गरीब होते, साहेबासमोर ओरडायचीही भीती असलेले होते. त्यांच्यापैकी किती जणांनी दुखणं गिळलं असेल? हा संशय तेव्हाच्या टीकाकारांनीही घेतला होता आणि तो रास्त आहे. तरी एवढ्या मोठ्या गाठी कापताना नाडी आणि चेहरा शांत राहणं नुसत्या धाकाने जमेल, असं मला वाटत नाही.

पुढचं थोडक्यात सांगते. पॅरिसच्या साल्पेट्रिएर रुग्णालयात डॉक्टर शार्कोने संमोहन हे हिस्टेरियाचं लक्षण ठरवलं. नान्सी गावच्या बर्नहाइमने ते खोडून काढलं आणि ही निव्वळ सूचनेची किमया आहे असं दाखवलं, म्हणजे फिरून फारियांचंच म्हणणं. फ्रॉइड दोघांकडे जाऊन आला, काही वर्षं संमोहन वापरलं आणि सोडून दिलं. याच काळात, १८९४ साली, इंग्रजी कादंबरीत स्वेंगाली अवतरला. आपल्या नजरेने एका मुलीला वश करून तिला महान गायिका बनवणारा हा दुष्ट माणूस लोकांच्या मनात असा बसला, की पुढच्या सिनेमांतले रोखून बघणारे डोळे आणि झुलणारं घड्याळ त्याच्याच वंशातले म्हणता येतील. शास्त्र सांगत होतं की शक्ती झोपणाऱ्यात आहे. पडदा आणि रंगमंच ती झोपवणाऱ्याला देत राहिले.

स्टेजवरचा प्रयोगकार करतो काय? आधी तो सगळ्या प्रेक्षकांना बोटं एकमेकांत घट्ट गुंफायला लावतो आणि म्हणतो, आता ती सुटणार नाहीत. ज्यांची खरंच सुटत नाहीत त्यांनाच वर बोलावतो. म्हणजे निवड आधीच झालेली असते. मग दिवे, टाळ्या आणि मुळातच चार लोकांत यायची हौस, यांच्या जोरावर पुढचं होतं. हीच निवड शास्त्रज्ञांनी मोजमापाने केली. १९५९ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात वाइट्झनहॉफर आणि हिल्गार्ड यांनी बारा कसोट्यांची मोजपट्टी तयार केली. हात जड होतोय, कोपर वाकत नाही, कानाशी माशी घोंगावतेय, अशा त्या सूचना. काहींना बारापैकी जवळजवळ सगळ्या लागू पडतात, काहींना एकही नाही, बाकीचे मध्ये. पंचवीस वर्षांनी त्याच माणसांना पुन्हा तपासलं तेव्हा त्यांचे गुण फारसे बदलले नव्हते. फारियांचं 'पातळ रक्त' इतक्या वर्षांनी असं मोजलं गेलं.

मेंदूचं चित्रही आलं. १९९७ मध्ये माँट्रियलच्या संशोधकांनी संमोहित लोकांचे हात चटका बसेल इतक्या गरम पाण्यात बुडवायला लावले. पाणी तेच, पण ते जास्त त्रासदायक किंवा कमी त्रासदायक वाटेल अशा सूचना आलटून पालटून दिल्या. त्याप्रमाणे मेंदूच्या मध्यभागातल्या सिंग्युलेट पट्ट्यातली हालचाल वाढली किंवा घटली. वेदना कुठे आहे आणि किती तीव्र आहे हे टिपणाऱ्या भागात तसा बदल दिसला नाही. म्हणजे चटका पोहोचत होता, त्याचा जाच कमी झाला होता. नुसतं सोंग म्हणून हे उडवून लावता येत नाही.

म्हणूनच आपल्याकडच्या बातम्या वाचून मला वाईट वाटतं. 'भुरळ घालून वृद्धेचे दागिने लांबवले', 'संमोहित करून लुटलं'. रस्त्यात पत्ता विचारत आलेला अनोळखी माणूस नजरेने कुणाला संमोहित करू शकत नाही. तो बोलण्यात गुंतवतो, घाबरवतो, पुढे दंगल झाली आहे, दागिने काढून पुडीत ठेवा म्हणतो, आणि पुडी बदलतो. फसलेल्या आजीला घरच्यांच्या बोलण्यापुढे 'मला भानच नव्हतं' हाच आधार उरतो. तिला दोष देऊ नये, पण चोराच्या अंगी विद्या आहे असं छापूही नये. तसंच संमोहनाने मागचा जन्म आठवतो असं सांगून पैसे घेणाऱ्यांचं. संमोहनात आठवण अचूक होत नाही. कल्पिलेलं खरं वाटू लागतं आणि खात्री मात्र वाढते. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९८५ मध्येच हा इशारा दिला होता, आणि त्याआधी १९८२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने संमोहनानंतर दिलेल्या साक्षींवर कडक बंधनं आणली होती.

उपयोग जिथे आहे तिथे तो ठोस आहे. ब्रेडच्याच मँचेस्टरमध्ये १९८४ साली पीटर व्होरवेल यांनी, कुठल्याच औषधाला दाद न देणाऱ्या आतड्याच्या दुखण्याच्या ३० रुग्णांवर चाचणी केली. संमोहन मिळालेल्यांना लक्षणीय आराम पडला. आज ब्रिटनच्या अधिकृत मार्गदर्शक सूचनांत, वर्षभर औषधं घेऊनही गुण न आलेल्यांसाठी या उपचाराचा विचार करावा असं म्हटलंय.

आणि बेल्जियममधल्या लिएज शहरात १९९२ पासून मारी-एलिझाबेथ फेमोनव्हिल या भूलतज्ज्ञ बाईंनी पूर्ण भूल न देता शस्त्रक्रिया सुरू केल्या, त्यात थायरॉइडच्याही. कापायच्या जागेपुरतं बधिर करायचं औषध, थोडंसं गुंगीचं, आणि संमोहन. पुढे तिथे हजारो रुग्णांवर असं झालं. आदल्या भेटीत रुग्णाला एक सुखाची आठवण निवडायला सांगतात. एखादी सहल, एखादा समुद्रकिनारा. शस्त्रक्रियेच्या वेळी शल्यविशारद गळ्यापाशी काम करत असतो आणि उशाशी भूलतज्ज्ञ बसलेली असते, जिथे हुगळीत एस्डेलचा मदतनीस बसायचा तिथेच. ती हात फिरवत नाही. हळू, एकसुरी आवाजात ती त्या किनाऱ्याबद्दल बोलत राहते, आणि टेबलावरचा माणूस, जागाच, तिथे चालत असतो.